साडेनऊ आणि साडेदहा: पोस्टग्रेसच्या अपग्रेडच्या पानाचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ व्हर्जनला सगळे साडेनऊ म्हणायचे. गमतीत सुरू झालं आणि चिकटलं. पुढे १०.५ आलं तेव्हा त्याला ओघानेच साडेदहा म्हणायला लागलो आणि घोळ नेमका तिथेच झाला, कारण साडेनऊ ही अख्खी मेजर (मोठ्या बदलांची) व्हर्जन आहे आणि साडेदहा म्हणजे दहा नंबरच्या मेजरमधलं फक्त पाचवं मायनर (छोट्या दुरुस्त्यांचं). ऐकायला भाऊ-भाऊ, प्रत्यक्षात काही संबंध नाही.

गेले आठ महिने माझ्या गळ्यात अकरा सर्व्हर आहेत, ९.५ पासून १२ पर्यंत सगळी खिचडी, आणि सगळे १७ वर न्यायचेत. त्यामुळे डॉक्युमेंटेशनमधलं अपग्रेडचं पान (भाग १८.६, हा नंबरसुद्धा व्हर्जनसारखाच दिसतो, असो) जवळपास पाठ झालंय. हा रिव्ह्यू त्या पानाचा.

आधी चांगलं बोलतो. नंबरचा नियम आता सुरुवातीलाच आणि उदाहरणासकट लिहिलाय. १०.१ मध्ये १० मेजर, १ मायनर. त्याच्या आधीच्या काळात तीन आकडे असायचे, म्हणजे ९.५.३ असेल तर ९.५ मेजर आणि ३ मायनर. ही पद्धत बदलली ऑक्टोबर २०१७ मध्ये, १० आलं तेव्हा. दोन मिनिटांचं वाचन आहे, पण आम्ही सगळे खाली कमांडकडे पळायचो, वरचं कोण वाचतंय.

आणि न वाचण्याची किंमत मोठी आहे, कारण सगळं काम या एका आकड्यावर ठरतं. मायनर असेल तर डिस्कवरच्या फाइलींचा फॉरमॅट बदलत नाही, नवीन पॅकेज टाका, रीस्टार्ट मारा, चहा गार व्हायच्या आत काम संपतं. मेजर असेल तर जुन्या डेटा फोल्डरवर नवीन सर्व्हर उठतच नाही, मग डंप-रिस्टोअर (डेटा बाहेर काढून पुन्हा भरणं) नाहीतर पीजी_अपग्रेड (जुना डेटा नव्या मेजरला नेणारं टूल) नाहीतर लॉजिकल रेप्लिकेशन (बदल नव्या सर्व्हरवर सतत पाठवत राहणं), आणि क्लायंटकडे रात्रीचा डाउनटाइम मागायचा.

आमचा किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नवीन पोराला कुणीतरी सांगितलं की त्या सर्व्हरवर साडेनऊचं ९.६ करून टाक, पॉइंटनंतरचाच आकडा बदलतोय, मायनर आहे. त्याने उबुंटूवर ९.६ चं पॅकेज टाकलं, एकही एरर नाही, सगळ्यांनी मान डोलावली. आता उबुंटू असं करतं की नवीन मेजर जुन्याच्या शेजारी वेगळं क्लस्टर (स्वतःचा डेटा असलेला वेगळा पोस्टग्रेस) म्हणून बसवतं आणि त्याला पुढचा रिकामा पोर्ट (जोडणीचा नंबर) देतं. म्हणजे ५४३२ वर जुनं ९.५ सगळ्या डेटासकट चालू आणि ५४३३ वर ९.६ रिकामंच बसलेलं. ॲप ५४३२ लाच बोलत राहिलं. रजिस्टरमध्ये मात्र अपग्रेड झाल्याची नोंद! यंदा मी पीजी_एलएसक्लस्टर्स (सगळी क्लस्टर दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा हे उघड झालं, तोवर ९.५ चा सपोर्ट फेब्रुवारी २०२१ मध्येच संपून गेला होता. पोराची चूक मी धरत नाही, जुन्या पद्धतीत पहिला ठिपका मेजरच्या पोटात होता हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा त्रास दशांशाचा. १३.४ मोठं की १३.१४? शाळेत १३.४ मोठं होतं, इथे १३.१४ मोठं, कारण हा दशांश नाहीच, ठिपक्याने वेगळे केलेले दोन आकडे आहेत. त्यात आमची यादी एक्सेलमध्ये, आणि एक्सेलने १३.१० चं गुपचूप १३.१ करून टाकलं, म्हणजे नऊ मायनर रिलीज एका एंटरमध्ये गायब. कॉलम टेक्स्ट करून ठेवा, आत्ताच. पानावर याबद्दल एक ओळ असती तर बरं झालं असतं.

स्क्रिप्टवाल्यांनी तर ठिपक्यावर तोडायचा नादच सोडावा. आमच्या जुन्या स्क्रिप्टने पहिले दोन आकडे मेजर धरले होते, त्यामुळे १०.१ आणि १०.२ दिसले की मेजर वेगळं म्हणून बोंब मारायची. शो सर्व्हर_व्हर्जन_नम ही कमांड चालवा, सरळ पूर्णांक मिळतो. ९.५.१० चा ९०५१०, १०.५ चा १००००५. १० च्या पुढे दहा हजाराने भागलं की मेजर हातात, उरलेलं मायनर. हे सगळ्यात कामाचं, आणि अपग्रेडच्या पानावर मला हेच सापडलं नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मायनर म्हणजे रीस्टार्ट एवढंच डोक्यात बसतं, पण कधीकधी रीस्टार्टनंतरही काम उरतं. १४.४ घ्या, जून २०२२ चं. १४.० ते १४.३ मध्ये कॉन्करंटली (टेबलावरचं काम न थांबवता) बनवलेले इंडेक्स (शोध वेगाने करणाऱ्या सूची) खराब होऊ शकत होते, १४.४ टाकल्यावर पुढचे नीट होतात, आधीच खराब झालेले तपासून पुन्हा बनवायचे आपणच. हे कळतं रिलीज नोट्समध्ये, म्हणजे प्रत्येक व्हर्जनसोबतच्या बदलांच्या यादीत. त्या वाचा असं डॉक्युमेंटेशन सांगतं, पण इतक्या हळू आवाजात की घाईत ऐकूच येत नाही.

मेजरच्या बाबतीत आनंदाची गोष्ट म्हणजे जिना चढत बसावं लागत नाही, ९.५ वरून पीजी_अपग्रेडने थेट १७ ला जाता येतं. मधल्या प्रत्येक मेजरच्या नोट्स मात्र वाचाव्या लागतात. आमच्या दोन टेबलांवर विथ ओआयडीज (प्रत्येक ओळीला छुपा नंबर देणारी जुनी सोय) होतं, ते १२ पासून बंद, पीजी_अपग्रेडच्या चेक मोडमध्ये (नुसती तपासणी, बदल काही नाही) लगेच पकडलं गेलं. म्हणून आधी चेक चालवा, फुकट आहे. आणि अपग्रेडनंतर ॲनालाइज (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) विसरू नका, १७ पर्यंत प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची, आकडेवारी सोबत येत नाही, पहिल्या सर्व्हरला आम्ही विसरलो आणि सकाळी दहाला सगळे रिपोर्ट रांगत होते. १८ मध्ये हे बरंचसं सुटलंय म्हणे, आम्ही अजून तिथे पोचलो नाही.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणारे मित्र हसतात, पण ८.०.x मध्ये तिसऱ्या आकड्यात नवीन फीचर यायची हे त्यांनीच भोगलंय. त्या मानाने पोस्टग्रेसचा आजचा नियम सरळ आहे. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो रिलीज नोट्सच्या हळू आवाजासाठी.

अकरापैकी दहा सर्व्हर झाले. उरलाय तो साडेनऊवालाच, क्लायंट म्हणतो मार्चएंड होऊ दे.