लिव्हर-ॲक्शनच्या पीप साइटपायी माझे ३६,६४९ रुपये गेले

रायफलीवर नेम धरायला मागे बसवायची बारीक भोकाची चकती, म्हणजे पीप साइट, मी ऑनलाइन मागवली आणि ती आलीच नाही. आधी आकडे सांगतो, म्हणजे ‘थोडक्यात वाचलात’ असं कुणी म्हणायला नको. बुकिंगचे ४,५००. उरलेल्या किमतीचे १४,३००. ‘कस्टम क्लिअरन्स’चे ७,८५०. आणि ‘माल मिळाला की परत’ म्हणून घेतलेलं डिपॉझिट ९,९९९. एकूण ३६,६४९ रुपये. बदल्यात माझ्याकडे आहे एक कुरियर नंबर, जो कुठल्याही कुरियरकडे उघडत नाही.

घरी अजून अर्धीच रक्कम सांगितली आहे. तरी लिहितोय, कारण नाशिकमध्ये आणि निफाड-दिंडोरीकडे वाडवडिलांच्या परवान्याच्या रायफली सांभाळणारे बरेच जण ओळखीचे आहेत. सगळ्यांना चाळिशी लागून जमाना झाला. पुढचा बकरा त्यांच्यातलाच असणार.

माझ्याकडची रायफल म्हणजे आजोबांची मार्लिन ३९ए. पॉइंट बावीस, लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची), नळीखाली काडतुसांची ट्यूब मॅगझिन. आजोबांच्या काळात ती सशा-तितरांसाठी होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे शिकार संपली, रायफल कपाटात राहिली. आता परवाना माझ्या नावावर आहे. रेंजवर जाऊन ५० मीटरवर कागदाला भोकं पाडतो, आणि निवडणूक आली की इमानेइतबारे ठाण्यात जमा करतो. एवढाच तिचा संसार.

दुखणं डोळ्यांचं. कारखान्यातून आलेली मागची खाच नळीवर, डोळ्यापासून लांब. खाच, माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) आणि निशाण ही तिन्ही एकदम स्पष्ट बघायची म्हणजे विशीतले डोळे हवेत. पन्नाशीनंतर खाच म्हणजे नुसता करडा गोळा. त्यावर जुना आणि खरा उपाय पीप साइटचा. रिसीव्हरवर (नळीमागचा धातूचा भाग, जिथे यंत्रणा असते), डोळ्याच्या जवळ, बारीक भोक असलेली चकती बसवायची. त्या भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. डोळा आपोआप मधोमध येतो आणि आपण फक्त माशीवर लक्ष ठेवायचं. भोक बारीक असल्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. कॅमेऱ्याचं ॲपर्चर लहान केल्यावर होतं तसंच. शिवाय खाचेपेक्षा पीप आणि माशी यांच्यातलं अंतर जास्त असतं, त्यामुळे नेम धरण्यातली चूक लहान होते.

एवढा अभ्यास मी केला होता. म्हणून ‘काका, तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून फसलात’ असं जे लोक म्हणतात ना, त्यांचा राग येतो. उलट माहिती होती म्हणूनच फसलो. चोराला विषय येत होता!

विकणारा स्वतःला डेहराडूनचा डीलर म्हणवत होता. परवानाधारकांच्या एका ग्रुपवर त्याची जाहिरात आली होती. मी मुद्दाम खोदून विचारलं. विंचेस्टर ९४ ला बसणारी साइट माझ्या मार्लिनला चालेल का? म्हणाला, ‘नाही सर, ३९ए ची वेगळी येते. आधी रिसीव्हरच्या डाव्या बाजूला स्क्रूची भोकं आहेत का ते बघा, जुन्या पीसना नसतात.’ बरोबर. टँग साइट (रिसीव्हरच्याही मागे, डोळ्याच्या अगदी जवळ बसणारी पीप) घेऊ का विचारलं, तर म्हणाला, ‘बावीसला धक्का नाही, त्यामुळे चालेल. पण मोठ्या बोअरला लावू नका, डोळ्यावर येते.’ हेही बरोबर. भोक केवढं घ्यायचं? ‘कागदावर मारणार असाल तर बारीक, संध्याकाळच्या उजेडाला मोठं. बारीक भोक कमी उजेडात काळं होतं.’ पुढे स्वतःहूनच म्हणाला, ‘पीप वर बसते सर, गोळ्या वर गेल्या तर माशी उंच घ्यावी लागेल.’ आता असा माणूस लबाड आहे हे कुणाच्या मनात येईल? हे सगळं अमेरिकन साइट कंपन्यांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. ते वाचून कुणीही पोपटपंची करू शकतो, हे आता कळतं. विषय येतो म्हणून माल आहे असं होत नाही. मालाचा व्हिडिओ मागा, आणि त्यात आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवायला सांगा. नाही म्हणाला, तर विषय संपला.

व्हिडिओ मी मागितला होता. त्याने फोटो पाठवला. म्हणाला नेटवर्क नाही.

तो फोटो. ह्याच्यावर मी किती रात्री घालवल्यात ते सांगत नाही. माझ्यासारखीच ३९ए, रिसीव्हरवर छान बसवलेली पीप, आणि नळीचं तोंड फोटोच्या डावीकडे. काडतूस बाहेर पडायची फट समोर दिसतेय, रायफल खोलायचा मोठा स्क्रूही समोर दिसतोय. या दोन्ही गोष्टी मार्लिनच्या उजव्या बाजूला असतात. उजवी बाजू आपल्या समोर असेल तर नळीचं तोंड उजवीकडेच जायला हवं. डावीकडे कसं जाईल? फोटो उलटा केलेला होता. कुणा परदेशी माणसाचा फोटो उचलायचा आणि आरशासारखा फिरवायचा, म्हणजे गुगलवर शोधलं तरी मूळ फोटो सहज सापडत नाही. नळीवर कोरलेली अक्षरं उलटी दिसली असती म्हणून तेवढा भाग कापलेला. ही रायफल लहानपणापासून माझ्या हातात आहे. डोळे बांधून खोलून जोडू शकतो. आणि मी काय केलं, तर मोबाइलवर तो फोटो मोठा करकरून साइटचे स्क्रू बघत बसलो. ज्या साइटसाठी जीव टाकत होतो तिच्याकडेच बघितलं, ती बसली होती कशावर ते बघितलंच नाही. तो फोटो आला तेव्हा फक्त ४,५०० गेले होते. तिथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती.

दुसरी गोष्ट बिलाची. बिलावर पत्ता डेहराडूनचा आणि जीएसटी नंबर सुरू होतो २७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, उत्तराखंडचे ०५. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की कुणाचा धंदा आहे ते फुकटात दिसतं. मी ते पैसे गेल्यावर टाकून पाहिलं. फर्निचरचं दुकान निघालं, त्या बिचाऱ्यालाही पत्ता नसेल. आणि पिन टाकण्याआधी यूपीआयवर खातेदाराचं नाव येतं, ते दर वेळी वाचा. माझ्या वेळी एका बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, ‘मिसेसचं खातं आहे सर.’

कस्टमचे पैसे का दिले ते मात्र मी सांगणारच, कारण त्यावरून घरचे जास्त हसतात. माल भारतात तयार आहे असं आधी सांगितलं, मग कस्टम कशाला, हे मलाही खटकलं होतं. पण रायफलीचा परवाना असलेल्या माणसाला विचारा. आपण आधीच कायद्याला घाबरून असतो. शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा कलम ५ खाली परवाना लागतो. त्या माणसाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. ‘सर, पार्सल अडकलंय, तुमचं नाव आहे त्यावर, पेपर क्लिअर करून घ्या नाहीतर लायसन्सवर शेरा येईल.’ आजोबांच्या रायफलीचा परवाना जाईल ह्या भीतीने माणूस ७,८५० देतो. मी दिले. ९,९९९ पण त्याच भीतीने. ह्या लोकांचं भांडवल हेच आहे. बंदुकीच्या नावाने फसलेला माणूस तक्रार करायला बिचकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि बिचकणं चुकीचं नाही, हे मला ठाण्यात कळलं. माझं म्हणणं पुरतं ऐकायच्या आतच पहिला प्रश्न, ‘बंदुकीचा पार्ट? परवाना आणलाय का?’ परवाना दाखवला, परवान्याचा युनिक नंबर दाखवला. मग दुसरा साहेब, ‘ऑनलाइन का घेतला?’ अहो, नाशकात मेन रोडपासून शरणपूर रोडपर्यंत विचारून आलो, लिव्हर-ॲक्शनची पीप साइट कुठे मिळते सांगा, तिथून घेतो! तिसरा म्हणाला, खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे तक्रार द्या. म्हणजे मी ३६,६४९ गमावून वर डेहराडूनचं तिकीट काढायचं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ नाही साहेब, फसलेला माणूस आहे. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन गंडवण्याला आयटी कायद्याचं ६६डी आहे. कलमं भरपूर आहेत, लिहून घेणारा हात मिळत नाही. ‘उद्या या, आज बंदोबस्त आहे.’ दुसऱ्या दिवशी तो टेबलवाला रजेवर.

ह्या उद्या-परवामध्ये माझं खरं नुकसान झालं. तुम्ही हे करू नका. पैसे गेल्याचं कळलं त्या मिनिटाला १९३० ला फोन लावा, ठाण्यात नंतर जा. त्या नंबरवर तक्रार पडली की पैसे ज्या खात्यांत फिरतात तिथे ते अडवता येतात, पण चोराने काढून घ्यायच्या आत. cybercrime.gov.in हे पोर्टलही आहे, तक्रार घरबसल्या टाकता येते. यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट, बिल, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण ब्लॉक केल्यावर तो प्रोफाइलचा फोटो बदलतो. माझी १९३० ची तक्रार उशिरा पडली आणि शेवटच्या हप्त्यातले १,१४० रुपये तेवढे गोठले. तेही अजून माझ्या हातात नाहीत.

बँकेत वेगळा तमाशा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, पिन तुम्हीच टाकलात ना?’ टाकला. ‘मग ते अनऑथराइज्ड होत नाही.’ रिझर्व्ह बँकेचा तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याचा नियम आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, हे त्याचं खरं होतं. पण मग समोरच्याचं खातं कुणी, कुठल्या कागदांवर उघडलं? ह्याचं उत्तर त्या काउंटरवर नाही, मॅनेजरकडे नाही, मेलला उत्तरच नाही. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी तिथे गेलोय. पोच तोंडी घेऊ नका, शिक्का मारून घ्या.

साइटचं म्हणाल तर, चष्मेवाल्याला माशी डोळ्यापासून किती लांब आहे ते इंचात मोजून सांगितलं आणि नेमाच्या डोळ्याला लांबच्या नंबरावर अर्ध्या नंबराची भर घालून काच करून घेतली. १,२०० रुपये. माशी आता काळी कुळकुळीत दिसते. पीपएवढा फरक नाही, पण गोळ्या पुन्हा निशाणाच्या मधल्या काळ्यात जायला लागल्या. ज्यांना पीप हवीच असेल त्यांनी आधी स्वतःच्या रिसीव्हरला भोकं आहेत का ते बघा. नसतील तर परवानाधारक कारागिराशिवाय ड्रिल लावू देऊ नका. अंबडच्या टूलरूममधला मित्र हौसेने ‘मी पाडून देतो’ म्हणेल, त्यालाही नाही म्हणा. माशी किती उंच हवी त्याचा हिशेब सोपा आहे. ५० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर वर जात असेल आणि पीप ते माशी अंतर ६५ सेंटीमीटर असेल, तर १० गुणिले ६५ भागिले ५,०००, म्हणजे ०.१३ सेंटीमीटर. सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त. कुणी न मोजता ‘ही माशी सगळ्यांना चालते’ म्हणाला, तर त्याच्याकडून घेऊ नका.

पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे आजही ‘तपास सुरू’ एवढंच दिसतं, कुणाचा फोन नाही. रायफल तपासणीला घेऊन या, हे सांगणारा फोन मात्र आठवड्याच्या आत आला होता.