अमळनेरचं पुस्तक प्रदर्शन: नववीच्या पोरासाठी काय हाती लागलं

आधी भाव सांगते, कारण सगळे तेच विचारतात. नव्या पुस्तकांवर छापील किमतीवर २० टक्के सूट, दरवाज्याजवळच्या टेबलांवर जुना साठा अर्ध्या किमतीत, आणि कोपऱ्यात ‘१०० रुपयांत ३’ असा ढीग. जागा बसस्टँडपासून चालत जाण्यासारखी, एक मंगल कार्यालय. लग्नसराई संपल्यामुळे स्वस्तात मिळालेलं दिसतंय. नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या अजून स्टेजवरच आहेत. सकाळी १० ते रात्री ९. दुपारी जा. गर्दी नसते, पंखे मोकळे असतात आणि विक्रेत्यांना बोलायला वेळ असतो.

मी एसटीत वाहक आहे. मुक्कामी गाडी असली की पिशवीत तिकिटाच्या मशीनशेजारी एखादं पुस्तक असतंच. यावेळी मात्र स्वतःसाठी गेले नव्हते. पोरगा नववीत आहे, भाची सातवीत. दोघांना वाचता उत्तम येतं, वाचत दोघंही नाहीत. पोराचं म्हणणं, “मम्मी, पुस्तकं बोअर असतात.” भाचीचं म्हणणं जरा वेगळं: “फुई (म्हणजे आत्या), त्यातली पोरं सगळी शहाणीच असतात.” मला तिचं जास्त पटलं.

आणि हल्लीची पोरं वाचतच नाहीत, हे मी मानत नाही. सकाळच्या माझ्या गाडीत खेड्यांवरून शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुली असतात. अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास, पाठीला दप्तर, हातात फोन. सगळ्या रीलच बघत असतील असं वाटलं होतं. वाकून पाहिलं तर दोघी-तिघी चक्क गोष्ट वाचत होत्या, रोज एक भाग येणारी, प्रेमाची आणि भुताची मिळून. एकीचा स्टॉप आला तरी मान वर नाही. म्हणजे भूक आहे, ताटात कोण काय वाढतं हा प्रश्न आहे.

तर प्रदर्शन. हॉलभर लांब टेबलं, त्यांवर लाल कापड, वर पुठ्ठ्याच्या पाट्या. आध्यात्मिक, आरोग्य, पाककला, ज्योतिष, स्पर्धा परीक्षा, व्यक्तिमत्त्व विकास, कथा-कादंबरी, विज्ञान, कविता, बालसाहित्य. चौदा-पंधराच्या पोराचं टेबल यात कुठलं? कुठलंच नाही. बालसाहित्याच्या टेबलावर रंगवायची पुस्तकं, अकबर-बिरबल, पंचतंत्र आणि आवाज करणारी प्राण्यांची पुस्तकं. त्यानंतरचा माणूस एकदम स्पर्धा परीक्षेलाच बसतो, असा या पाट्यांचा हिशेब.

तिथल्या एका विक्रेत्यानं पोराला पाहिल्याबरोबर ‘यशाची अमुक सूत्रं’ छाप तीन जाडजूड पुस्तकं त्याच्या हातात दिली. पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, की मीच त्याला इंजेक्शनला आणलंय. कुठल्याही पोराला घेऊन जाल तर हे टेबल आधी ओलांडा.

पण दुसरा एक विक्रेता होता, विशी-बाविशीचा, गळ्यात गमछा. त्यानं वय विचारलं नाही, इयत्ता विचारली नाही. पोराला म्हणाला, “शेवटचा पूर्ण पाहिलेला पिक्चर कुठला?” पोरानं कुठल्याशा खुनाच्या तपासाची वेबसिरीज सांगितली. गडी उठला, थेट कथा-कादंबरीच्या टेबलाच्या पार टोकाला गेला आणि फेलूदा घेऊन आला. सत्यजित राय यांच्या या बंगाली गुप्तहेरकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनानं काढल्यात. त्यानं मलपृष्ठ वाचून दाखवलं नाही. एक पुस्तक मधूनच उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथून दोन पानं वाच, नाही आवडलं तर ठेवून दे.” पोरगा उभ्यानं वाचायला लागला. मी आरोग्य आणि पाककला उरकून आले तरी तो तिथंच, फक्त आता स्टेजच्या पायरीवर बसलेला.

त्या गोष्टीत मूर्तिचोरांच्या मागावर फेलूदा वेरूळला पोचतो. हे आमच्याकडच्या पोराला वाचायला देण्यात वेगळीच मजा आहे. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट चढला की वेरूळ; सहलीला तो तिथं जाऊन आलाय. वेरूळच्या लेण्यात अंधारात कुणीतरी दबा धरून बसलंय म्हटल्यावर त्याला ती जागा डोळ्यांसमोर दिसते. शिवाय गोष्ट सांगणारा तोपशे फेलूदाचा चुलतभाऊ, वयानं आपल्या पोराएवढाच. तो शहाणपणा शिकवत नाही, त्याला स्वतःलाच अर्ध्या गोष्टी कळत नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर मी दिवा मालवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे, पोऱ्या वाची राह्यना.” पोरगा वाचतोय, असं वाक्य घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या गमछेवाल्याच्या मदतीनं मग सगळ्या हॉलभर फिरलो. चांगली पुस्तकं होती, पण विखुरलेली. म्हणून कुठल्या टेबलावर काय सापडलं ते सांगते. अशी प्रदर्शनं सगळीकडे जवळपास याच पाट्यांनी मांडलेली असतात.

विज्ञानाच्या टेबलावर, घरगुती प्रयोगांच्या पुस्तकांखाली, जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. हे १९७९ चं पुस्तक विज्ञानाच्या टेबलावर ठेवणं म्हणजे त्याला अभ्यासाच्या पुस्तकांत बसवणं, आणि मग पोरं फिरकत नाहीत. या गोष्टी आहेत, चांगल्या धक्का देणाऱ्या. त्यातली ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ माझ्या पोराला सर्वांत आवडली: पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर? त्यानं शाळेत इतिहासाच्या सरांना विचारलं म्हणे, आणि सर अर्धा तास त्यावरच बोलत राहिले. विक्रेत्यानं आणखी एक किस्सा सांगितला, तो खराच आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. हा किस्सा ऐकल्यावरच पोरानं पुस्तक उचललं, हे मुद्दाम सांगते. पुस्तक विकायचं तर असं.

कादंबऱ्यांत, जाड ऐतिहासिक ठोकळ्यांच्या मध्ये दबलेलं एक बारीक पुस्तक: व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळीची गोष्ट. १९८३ चं साहित्य अकादमी पारितोषिक या पुस्तकाला आहे, पण ते पोराला सांगू नका, बिचकेल. एवढंच सांगा की टोळीचा म्हातारा होत चाललेला नर आणि त्याची जागा बळकवायला आलेला, यांची मारामारी आहे आणि कुणाचीच गय केलेली नाही. पिल्लं मरतात. एक बैठक, फार तर दोन. ज्याला जाड पुस्तक पाहून झोप येते त्याला सुरुवात इथून करून द्यावी.

‘शाळा’ वरच्या रांगेत होतं, पोरांचा हात सहजी पोचणार नाही असं. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातली, नववीतला मुलगा आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी. आमच्या घरी यावर वाद झाला. हे म्हणाले, दहावी होऊ दे. मी म्हटलं, दहावीनंतर नववीची गोष्ट वाचून काय करायचं? ज्या वयाची आहे त्या वयात वाचू दे. त्यात शिव्या आहेत, चोरून बघणं आहे, आणि ते सगळं आमच्या गाडीच्या मागच्या बाकावर रोज चालतं, फरक एवढाच की तिथं त्याला लेखक नाही. विकत घेतली. सध्या कपाटात आहे, किल्ली लावलेली नाही.

फास्टर फेणे बालसाहित्यात होता, रंगवायच्या पुस्तकांना टेकून. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश, सायकलवरचा. पोरगा म्हणाला, लहान पोरांचं आहे. भाचीनं मात्र दोन भाग संपवले आणि ‘ट्टॉक’ करून करून घर डोक्यावर घेतलं. भाषा जुनी वाटते, काही शब्द तिनं मला विचारले, पण तिची तक्रार होती ना शहाण्या पोरांची? हा शहाणा नाही, उचापती आहे. सातवीपर्यंत द्या, नववीला उशीर होतो.

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ मी माझ्यासाठी म्हणून घेतलं. त्याचा नायक लंपन आहे लहान मुलगाच, पण ‘वनवास’ धरून त्याच्या चार पुस्तकांची गोडी मोठ्यांना जास्त कळते असं माझं मत. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी आहे, ती आपल्याकडच्या पोरांच्या जिभेला परकी. भाचीनं पाच पानांत परत केलं. मी मुक्कामी गाडीला नेलं आणि झोपायचं राहून गेलं.

‘श्यामची आई’ मात्र प्रत्येक टेबलावर होतं. पाककलेतसुद्धा. अमळनेरात ते असणारच. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, वसतिगृहाच्या पोरांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. त्यांना पोरांना काय वाचायला आवडतं याची नाडी ठाऊक होती. मला राग गुरुजींचा नाही, बक्षीस म्हणून, वाढदिवस म्हणून, निरोपसमारंभ म्हणून तेच एक पुस्तक वाटणाऱ्यांचा आहे. पोराकडे आज त्याच्या तीन प्रती आहेत. तिन्ही कोऱ्या.

आता उणं काय ते. अलीकडे निघालेली पुस्तकं जवळजवळ नाहीत. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ते मागितलं तर “पुढच्या खेपेला” असं उत्तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन याच गावात झालं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर उभं राहायला जागा नव्हती. गिऱ्हाईक नाही अशी सबब चालायची नाही. दुसरं, आपल्या मुलखातला पोरगा एकाही पुस्तकात नाही. कवितेच्या टेबलावर बहिणाबाई होत्या, बालकवी होते, एक आसोद्याच्या, दुसरे धरणगावचे. पण कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडवणारी, एसटीचा पास सांभाळणारी, घरी अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलणारी चौदा वर्षांची पोरगी नायिका असलेली एक कादंबरी द्या म्हटलं, तर तो गमछावाला हसून म्हणाला, “ताई, तुम्हीच लिहा.”

इंग्रजी कादंबऱ्यांच्या ढिगापासून जपून. वरून झगमगीत, आत छपाई फिकी, कागद पार रद्दी, दोन पुस्तकांत पानांचे आकडे पुढेमागे. चोरून छापलेल्या प्रती आहेत, हे न सांगता कळतं. पोराच्या मैत्रिणीनं हौसेनं एक घेतली, पन्नासाव्या पानाला शिवण सुटली. तक्रार केली तर “त्या ढिगाची जबाबदारी आमची नाही,” म्हणाले. मग मांडायचा कशाला?

बाकी मराठी पुस्तकांच्या बाबतीत व्यवहार सरळ. शंभरात तीनवाल्या ढिगातल्या एका पुस्तकात अख्खा फर्मा उलटा बांधलेला निघाला, सोळा पानं डोक्यावर उभी. दुसऱ्या दिवशी बिल न बघता बदलून दिलं. फोनवरून पैसे भरायचे तर बाहेर ओट्यावर यावं लागतं, हॉलमध्ये रेंज नाही. बसायला खुर्ची मागितली तर देतात, पण मागावी लागते. पोरांसाठी एखादी सतरंजी टाकली असती तर त्यांचीच विक्री वाढली असती.

पैसे अडचणीचे असतील तर एक सांगून ठेवते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत. माझ्या गाडीतल्या त्या गोष्ट वाचणाऱ्या मुलीला मी ते दाखवलं. तिनं जुन्या दिवाळी अंकातली एक भुताची गोष्ट शोधली आणि पुढच्या सीटवरच्या दोघींना वाचून दाखवली, टोलनाक्यापर्यंत.

पाचपैकी साडेतीन. त्यातला एक पूर्ण त्या गमछेवाल्याचा. तो मात्र संध्याकाळी ५ नंतर डावीकडे कादंबऱ्यांपाशी असतो. पोराला सोबत घेऊन जा, आणि उत्तर पोरालाच देऊ द्या. रविवारपर्यंत इथं आहेत, मग चोपड्याला जाणार म्हणाले.