डायलिसिसला व्हीलचेअरसकट नेणारी गाडी : देवपूर, धुळे - आमचा अनुभव

आधी निकाल सांगते मग बाकीचं. गाडी चांगली आहे, माणसं त्याहून चांगली आहेत, पाचपैकी चार स्टार देईन, एक कापलाय तो फक्त परतीच्या वेळेसाठी. ज्यांच्या घरी कुणी व्हीलचेअरवर आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात न्यावंच लागतं त्यांनी नक्की वाचा, कारण आम्हाला हे सगळं सांगणारं कुणीच नव्हतं.

आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना मायच म्हणतो, वय सत्तरीच्या पुढे, किडनीचा त्रास जुना होता आणि त्यात खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण पायावर भार देणं काही जमलं नाही. डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, एका वेळी चार तास मशीनवर. घर देवपुरात वाडीभोकर रोडच्या आतल्या गल्लीत आणि सेंटर पांझरेच्या पलीकडे, म्हणजे पूल ओलांडून गावातली गर्दी कापत जायचं. अंतर म्हणाल तर फार नाही, धडधाकट माणूस स्कूटीवर पटकन जाऊन येईल, पण ज्याला उठून उभं राहता येत नाही त्याच्यासाठी घराच्या उंबऱ्यापासून गाडीच्या सीटपर्यंतचं अंतरच सगळ्यात मोठं.

आधी रिक्षाने नेत होतो. म्हणजे काय, मिस्टर एका बाजूने, शेजारचा मुलगा दुसऱ्या बाजूने, काखेत हात घालून उचलायचं, रिक्षात बसवायचं, पाय आत घ्यायचे, खुर्ची घडी करून मागे कोंबायची, सेंटरला पोचलं की परत हेच उलटं. मायच्या काखेत काळेनिळे डाग पडायचे. रिक्षावाले बिचारे बरे होते, थांबायचे, पण रिक्षा ही त्या कामाची गाडीच नाही. काही जण म्हणायचे 108 ला फोन करा ना, फुकट आहे. पण 108 ही इमर्जन्सीसाठी आहे, अ‍ॅक्सिडेंट, हार्ट अटॅक, अचानक काही झालं तर, ठरलेल्या तारखेच्या डायलिसिसला ती बोलवायची नाही आणि बोलवूही नये, आपण आपल्या रोजच्या कामाला अडकवली आणि तेवढ्यात कुणाला खरी गरज पडली तर? 102 गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, पण एसटीच्या पायऱ्या चढवणार कोण. एवढ्या सगळ्या नंबरांमधे आणि सवलतींमधे आमच्यासारख्यांची जागाच नव्हती, जीव धोक्यात नाही पण पायही चालत नाहीत असा पेशंट.

मग सेंटरमधेच दुसऱ्या पेशंटच्या मुलीकडून ह्या गाडीचं कळलं. गाडीवाल्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही, पण देवपुरातल्या बहुतेक डायलिसिसवाल्यांना आणि दत्त मंदिराच्या बाजूच्या एक-दोन मेडिकलवाल्यांना माहिती आहेत.

गाडी ट्रॅव्हलरसारखी उंच आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं डोकं साध्या व्हॅनच्या छताला लागतं, मान वाकवून बसावं लागतं. मागचं दार उघडलं की लोखंडी रॅम्प खाली येतो. आता रॅम्पबद्दल एक सांगते, बिल्डिंगमधे रॅम्प कसा असावा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, सरकारी नियमातही एकास बाराच आहे. गाडीची फ्लोअर जमिनीपासून दोन फुटावर धरली तर त्या हिशोबाने चोवीस फुटाचा रॅम्प लागेल, तो आमच्या गल्लीत काय कुठल्याच गल्लीत मावणार नाही. म्हणून गाडीचा रॅम्प उभाच असतो आणि म्हणूनच ढकलणारा माणूस कसा आहे ह्यावर सगळं आहे. हे लोक चढवताना पेशंटचं तोंड पुढे ठेवतात, एक जण मागून ढकलतो, दुसरा पुढून खुर्चीच्या फ्रेमला धरतो. उतरवताना खुर्ची उलटी, म्हणजे पेशंटची पाठ खालच्या बाजूला आणि माणूस खाली उभा राहून मागे मागे सरकत येतो, वजन स्वतःच्या अंगावर घेतो. आधी एका दुसऱ्या गाडीवाल्याने मायला सरळ तोंडाने उतरवलं होतं, ती पुढे घसरली, मिस्टरांनी वेळेवर छातीशी धरलं नसतं तर काय झालं असतं. त्या गाडीला आम्ही परत बोलावलं नाही.

आत गेल्यावर खुर्चीला चार पट्टे लावतात, दोन पुढे दोन मागे, फ्लोअरमधल्या हुकांना. पट्टे फ्रेमला लावतात, चाकाला नाही, चाक फिरतं त्यामुळे तिथे लावलेला पट्टा सैल होतो. आणि त्याशिवाय माणसाला वेगळा बेल्ट, कमरेचा आणि खांद्यावरचा. खुर्चीला जो छोटा बेल्ट येतो तो माणूस खाली सरकू नये म्हणून असतो, ब्रेक लागला तर त्याचा काही उपयोग नाही. नुसते खुर्चीचे ब्रेक दाबून गाडी हाणणारे पण बघितलेत मी, देवपुरातल्या एकेका स्पीडब्रेकरवर पेशंट अख्खा उडतो. इथे तसं होत नाही. ड्रायव्हर भाऊ पट्टे लावल्यावर खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघतात, हलली तर परत आवळतात, मगच स्टेअरिंगवर बसतात. आजपर्यंत हे त्यांनी एकदाही टाळलं नाही, घाई असली तरी.

पहिल्या दिवशी माय रॅम्प बघूनच घाबरली. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि म्हणाली, "मी पडसू तर नही ना रे भाऊ?" तर ते भाऊ खाली वाकून तिच्या डोळ्यात बघून म्हणाले, "काय नही व्हत माय, मी शे ना." बस्स. तेव्हापासून माय त्यांच्यासोबत निवांत जाते. आपल्या बोलीत बोललेल्या तेवढ्या वाक्याने जे काम झालं ते आम्ही आठवडाभर समजावून झालं नव्हतं.

त्यांच्यासोबत एक हेल्पर असतो, पोरगा पंचविशीचा असेल. त्याला फिस्टुला काय असतो ते माहिती आहे! हे मी मुद्दाम लिहितेय. मायच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला शीर आणि धमनी जोडलेली जागा. त्या हाताने पेशंटला ओढायचं नाही, त्या हातावर भार टाकायचा नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, घट्ट बांगडी नाही, घड्याळ नाही. तो हात गेला तर परत ऑपरेशन. रिक्षाच्या वेळी दर वेळी ओरडावं लागायचं, डावा हात धरू नका, डावा नाही. ह्या पोराने पहिल्याच दिवशी विचारलं, ताई, फिस्टुला कोणत्या हाताला? मला तिथेच अर्धं ओझं उतरल्यासारखं झालं.

अजून एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. डायलिसिसच्या आधी आणि नंतर पेशंटचं वजन करतात, त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. जो उभा राहू शकत नाही त्याचं वजन खुर्चीसकट करतात आणि खुर्चीचं वजन वजा करतात. आमची साधी स्टीलची खुर्ची अठरा किलोच्या आसपास भरते, सेंटरच्या फाइलवर तसं लिहून ठेवलंय. आता बरेच गाडीवाले काय करतात, तुमची खुर्ची घरी ठेवा, आमच्या खुर्चीवर बसवा म्हणतात, त्यांची गाडीत फिट बसते म्हणून. खुर्ची बदलली आणि सिस्टरच्या लक्षात आलं नाही तर दोन-तीन किलोचा घोळ होतो, म्हणजे पाणी तेवढं जास्त नाहीतर कमी निघतं, जास्त निघालं तर बीपी खाली, पायात गोळे, चक्कर. म्हणून पेशंटला स्वतःच्याच खुर्चीत नेणारी गाडी हवी. हे लोक नेतात. आमच्या खुर्चीच्या फ्रेमवर कुठे पट्टा लावायचा त्या जागी त्यांनी लाल टेप लावून ठेवलाय.

आता जिथे स्टार कापला ते. जाताना गाडी कधीच लेट नाही, उलट पाच-दहा मिनिटं आधी गल्लीच्या तोंडाशी उभी. पण परतीला गडबड होते. डायलिसिस संपण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येत नाही, कधी मशीनवर उशिरा घेतात, कधी बीपी पडलं म्हणून मधे थांबवतात, सुया काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावं लागतं कारण रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असतं. आणि गाडी तर एकच, ती तोवर दुसऱ्या पेशंटला सोडायला गेलेली, कधी चक्करबर्डीला मेडिकल कॉलेजला, कधी पारोळा रोडला. मग आम्ही कॉरिडॉरमधे. डायलिसिस झालेला माणूस पिळून निघालेला असतो, त्याला घरी जाऊन आडवं व्हायचं असतं, त्याला एक तास ताठ बसवून ठेवणं म्हणजे हाल आहेत. मे महिन्यात एकदा असंच झालं, धुळ्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, कॉरिडॉरमधे पंखा गरम हवा फेकत होता आणि मायला पाणीसुद्धा मोजून द्यायचं, घोटाघोटाचा हिशोब. तिचे ओठ सुकलेले बघवत नव्हते. मी फोनवर चिडले, त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. त्यानंतर पद्धत बदलली, मशीन बंद व्हायच्या पाऊण तास आधी सिस्टरला विचारून आम्ही फोन करतो आणि ते त्याप्रमाणे पुढची खेप ठरवतात. बरंच सुधारलं, पण गणपतीत आग्रा रोडला मिरवणुका असल्या किंवा लग्नाची तीथ दाट असली की अजून उशीर होतो. दुसरी गाडी घेतल्याशिवाय हे पूर्ण सुटणार नाही असं मला वाटतं, मी त्यांना तसं म्हटलंय पण.

पैशाचं. जाऊन-येऊन सातशे घेतात, महिन्याचं ठरवलं तर साडेसात हजार पडतं, थांबण्याचे वेगळे नाही. आमच्यासारख्या घराला हे जड आहे, खोटं का बोलू. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून श्वास घेतोय, पण गाडीभाडं आमच्याच खिशातून जातं. रिक्षाच्या दुपटीच्या वर खर्च आहे. तरी आम्ही चालू ठेवलंय, कारण मिस्टरांना दर वेळी अर्धी सुट्टी टाकावी लागत होती ती वाचली, मी एकटी मायला घेऊन जाऊ शकते, आणि तिच्या अंगावरचे ते डाग गेले. जीपे चालतं, पावती मागितली तर देतात.

गाडीवाल्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीही सांगते, कारण त्याचा राग लोक त्यांच्यावर काढतात. एका दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला गेलो होतो, नाव लिहीत नाही, रॅम्प होता पण त्यावर मोटरसायकली लावलेल्या. वॉचमन म्हणे मालक जेवायला गेले असतील. ऊन डोक्यावर, लोखंडी रॅम्प तापलेला, गाडीत माय बसलेली आणि आम्ही मोटरसायकली सरकवतोय. दुसरीकडे लिफ्ट इतकी अरुंद की खुर्ची आत गेली पण सोबत माणूस जाऊ शकला नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे, सुगम्य भारत अभियान 2015 ला सुरू झालं, आणि अजून रॅम्प हे पार्किंग समजलं जातं! आता हेल्परच नवीन जागा असली की आदल्या दिवशी जाऊन बघून येतो, दार किती रुंद आहे, पायऱ्या किती, लिफ्ट चालू आहे का. ह्याचे तो एक रुपया जास्त घेत नाही. माझ्या मते चार स्टारमधला दीड स्टार ह्या एकाच गोष्टीचा.

कुणाला दुसऱ्या गावात, म्हणजे शिरपूर, साक्री, दोंडाईचा किंवा अगदी जळगावला अशी गाडी शोधायची असेल तर फोनवर गाडी कोणती आहे ते नंतर विचारा. आधी विचारा की आमची खुर्ची चालेल का, खुर्चीला किती पट्टे आणि माणसाला वेगळा बेल्ट आहे का, सोबत हेल्पर येतो का आणि तो घरात बेडपासून आत मशीनपर्यंत येतो की फक्त गेटपर्यंत, आणि परतीला किती वेळात पोचाल. गेटपर्यंतच येणारे स्वस्त पडतात पण मग उचलायला माणूस तुम्हीच बघायचा. तुमच्याकडूनही त्यांना नीट सांगा, पेशंटचं वजन, खुर्चीची रुंदी टेपने मोजून, गल्लीत गाडी कुठपर्यंत येते, दारात पायऱ्या किती, कोणता हात धरायचा नाही. आमच्या गल्लीत पावसाळ्यात गटारीवरची फरशी खचली होती, ते मी आधी सांगितलं म्हणून त्यांनी जाड प्लायवूडचा तुकडा सोबत आणला, तो अजून आमच्या ओट्याखालीच ठेवलाय.

ह्या गाडीचं बुकिंग आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत करावं लागतं. सोम-बुध-शुक्र सकाळची वेळ सध्या भरलेली आहे, मंगळ-गुरु-शनि दुपारी जागा असते असं परवाच भाऊ म्हणाले, रविवारी बंद. ज्यांना हवंय त्यांनी सेंटरला नवीन नंबर लावतानाच दुपारची शिफ्ट मागून बघा.