बीटची क्लचप्लेट आणि माझी कच्ची पावती

"साहेब, तुमची बीट डिझेल ना? २०१३ची? शेवटचं सर्व्हिसिंग ७८ हजारांवर झालंय बघा."

२०२३च्या जूनमध्ये माझ्या शेवरोले बीट गाडीबद्दल हा फोन आला आणि मी तिथंच निम्मा फसलो. चॅसिस नंबरासकट गाडीची कुंडली ज्याच्याकडं आहे, तो कंपनीचाच माणूस असणार असं मी धरून चाललो. जुन्या गिऱ्हाइकांच्या याद्या हातोहात विकल्या जाऊ शकतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

शेवरोलेनं २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावचा कारखाना त्यानंतर २०२०पर्यंत निर्यातीपुरता चालला. सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं कंपनीनं जाताना सांगितलं होतं. पण पाटी उतरली की गाडी पोरकी वाटायला लागते, आणि असल्या लोकांचा धंदा त्या भीतीवरच चालतो.

गॅरेज म्हणजे काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर चार कंपन्यांचे लोगो. "बंद झालेल्या कंपन्यांच्या कस्टमरला सपोर्ट आता आम्हीच देतो," असं म्हणत आधी ४,५०० रुपयांचं 'सपोर्ट कार्ड' गळ्यात मारलं. मग गाडी एक चक्कर मारून आणली आणि चेहरा पाडून सांगितलं, "क्लचप्लेट गेलीय. पार्ट इंडियात बंद आहे. कोरियावरून मागवायला लागंल. एकवीस हजार, निम्मे आधी." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "मग २८ टक्के जीएसटी वर पडंल, बघा." पैसे गेले फर्मच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस कच्ची पावती खिशात घालून घरी आला. बायको अजून ऐकवते.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. जुनी प्लेट मागितली, तर "भंगारात गेली." नव्या पार्टचं खोकं लांबूनच दाखवलं. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव, एमआरपी काहीच नव्हतं. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे.

ऑगस्टमध्ये पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढत होतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी काही वेग धरेना, आणि जळका वास. म्हणजे क्लच घसरत होता. पोरं मागं बसलेली. कसाबसा घाट पार केला.

मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून प्लेट माझ्या हातात दिली. माझीच जुनी प्लेट! नवं लायनिंग (प्लेटवरचं घासणारं अस्तर) मारलेलं, रिव्हेट तेवढे चकचकीत. क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला तर हातही लावला नव्हता. त्यानं पुण्याच्या नाना पेठेतून अख्खा क्लच सेट दोन दिवसांत मागवला, पक्क्या बिलासकट आणि निम्म्याहून कमी पैशांत. कोरिया वगैरे काही नाही. एवढं त्याच्याकडं आधी विचारलं असतं, किंवा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर हे गॅरेज अधिकृत आहे का एवढं विचारलं असतं, तरी भागलं असतं.

भांडायला गेलो तर "पावती दाखवा," म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं कामी आले ते यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्यानंच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला 'ओरिजिनल पार्ट मागवलाय' हा मेसेज. दोन महिन्यांनी १२ हजार परत आले, कार्डाचे ४,५०० बुडाले. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण यार्डात हळदीचा सीझन लागला आणि माझ्याकडून ते राहून गेलं. ती चूक माझी.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या दुकानातल्या एकाकडं फोर्ड फिगो आहे. फोर्डनंही सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. त्याला परवा फोन आला. गाडीचं साल बरोबर, किलोमीटर बरोबर. आवाज मी स्पीकरवर ऐकला. तोच.