घोडीला सोया डीओसी आणि लसूण घास: सात महिने चारून पाह्यलं

आमच्याकडं वरातीची घोडी हाय, दारव्हा तालुक्यात. मागच्या दिवाळीपर्यंत तिचा खुराक म्हणजे कडबा, किलोभर चोकर म्हणजे गव्हाचा कोंडा आन थोडा गूळ, बाबांनी जन्मभर हेच चारलं. पोट गच्च दिसे पण पाठीवर हात फिरवला की मणके एकेक मोजून घ्या. मी चोकर वाढवणार होतो तर डॉक्टर म्हणाले थांब, चोकरात फॉस्फरस लय आन कॅल्शियम नावाला, नुसतं तेच वाढवलं तर हाडं पोकळ होतात, आन कडब्यात प्रोटीन चार-पाच टक्केच. ३०० किलोच्या घोड्याला रोज ४०० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागते आन त्यात लायसिन हा प्रोटीनमधला घटक पाहिजे, तो सोयाबीनमधी चांगला असते.

मंग काय, घरचंच सोयाबीन हाय म्हणून दोन दिवस कच्चंच भिजवून टाकलं. हा शहाणपणा कोणी करू नका. शेण पातळ, पोटात गुडगुड, खाणं अर्ध्यावर. कच्च्या दाण्यात प्रोटीन पचू न देणारं काहीतरी असते म्हणे, भाजून नाहीतर शिजवूनच द्या लागते.

तवापासून दुकानातली सोया डीओसी आणतो, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. पन्नास ग्रॅमपासून सुरू करून दहा दिवसांत ३०० ग्रॅमवर नेली, दोन वेळा वाटून, चोकर अर्धा करून त्यातच ओली कालवून. सोबत चारेक किलो हिरवा लसूण घास (ल्यूसर्नचा चारा), त्यात कॅल्शियमही येते. मीठ आन पाणी हाताशी. पहिले आठ दिवस बाई ओठानं चोकर तेवढा वेचून खायची आन डीओसीचे तुकडे तसेच ठेवायची, गव्हाणीत नक्षी काढल्यावानी.

फरक दिसायला दोन महिने गेले. टेपनं छाती १५५ सेंटिमीटरची १६० झाली, म्हणजे हिशोबानं २९३ किलोवरून ३१२. कणा मासात बुडला, केस चमकले. पण खरं सांगतो, त्याच सुमारास जंताचं औषधही पाजलं होतं, सगळं श्रेय डीओसीला देत नाही.

आता तक्रारी. मे महिन्यात विहीर आटली आन घास गेला, तवा मी डीओसी एकदम ६०० वर नेली तर तबेल्यात मुताचा असा उग्र वास की डोळे चुरचुरत, पाणीही जास्त पिऊ लागली. जास्तीचं प्रोटीन असंच बाहेर पडते, पैसे मुतात. परत ३०० वर आणली, अर्धा किलो भिजवलेला हरभरा जोडला. पावसात पोतं बुरसटते म्हणून दहा किलोच आणतो. आन ढोरायची तयार पेंड घोडीला चुकूनही नका टाकू भाऊ, काहीत मोनेन्सिन नावाचं ढोरायसाठीचं औषध असते, ते घोड्याच्या जिवावर बेतते.

बाबांना अजून पटलं नाही. मी वावरात गेलो की एक ओंजळ चोकर टाकतातच, घरी आलो की तिच्या नाकपुडीला चिकटलेला दिसते.