आठ महिने, १४८६ लेव्हल आणि १९५८ रुपये

शिमगा संपला त्या आठवड्यात हा खेळ मी फोनवर घेतला आणि परवा तुळशीचं लग्नही लागलं. म्हणजे आठ महिने झाले. चार दिवस खेळून पाच तारे देणारे आणि एकदा हरून एक तारा देणारे खूप आहेत, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. खेळाचं नाव सांगत नाही. एकसारखे तीन रंग जुळवायचे, जुळले की फुटतात, जिंकलेल्या चांदण्यांतून एक पडकं घर दुरुस्त करत जायचं. या जातीचे डझनभर खेळ आहेत आणि त्यांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. तुमच्या फोनवर जो असेल तोच समजा.

मी गोव्यात, फोंड्याच्या अलीकडे फर्मागुडीला राहते. नोकरी पणजीला, एका पतसंस्थेत, हिशेबाच्या टेबलावर. जाऊन-येऊन दोन तास कदंबच्या बसमध्ये जातात आणि भोमला गाड्या अडकल्या की किती जातात ते विचारू नका. पूर्वी मी बसमध्ये वाचायचे. चाळिशीचा चष्मा लागला, बसच्या धक्क्यांत अक्षरं नाचायला लागली आणि वाचन सुटलं. अशा माणसासाठी हा खेळ खरोखर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळता येतो. एक डाव दोन-तीन मिनिटांत संपतो. नेट लागत नाही, त्यामुळे पावसात वीज आणि रेंज दोन्ही गेली तरी अडत नाही. आणि करणाऱ्यांनी तो मन लावून केलाय. रंग फुटतात तेव्हाचा आवाज ऐका, तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मी तीन तास बसले होते. त्या दिवशी या खेळाने मला सांभाळलं, ते मी विसरणार नाही.

एक सांगायचं राहिलं. जाहिरातीत एक बाई कडेवर पोर घेऊन गळक्या घरात कुडकुडत असते आणि आपण खिळे ओढून तिला वाचवायचं असतं. खेळात ती बाई नाही, पोर नाही आणि खिळेही नाहीत. मी पहिले दोन आठवडे तिची वाट बघितली. हा प्रकार जुनाच आहे म्हणे. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या खेळांच्या अशाच जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०२० मध्ये बंदी घातली होती. आमच्याकडे ती बाई अजून कुडकुडतेच आहे.

पहिले दोन महिने मी एक पैसा दिला नाही. साधारण चारशे लेव्हल झाल्या. रोज काहीतरी भेट मिळायची, कधी हातोडा, कधी बॉम्ब, कधी तासभर अमर्याद जीव. मला वाटलं, किती दिलदार लोक आहेत. पाच जीव असतात, हरलं की एक जातो, अर्ध्या तासाने एक परत येतो. कँडी क्रशने २०१२ पासून ही पद्धत घराघरांत नेली, ती इथेही जशीच्या तशी आहे. मला ती आधी आवडलीसुद्धा. आपोआप थांबवतो, शहाणा खेळ आहे, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं.

हिशेबाच्या माणसाला ही गोष्ट कळायला जून उजाडला याची मला लाज वाटते. पाच जीव, अर्ध्या तासाला एक, म्हणजे अडीच तासांत खातं भरतं. सकाळी नऊला बसमधून उतरताना जीव संपलेले असायचे. साडेअकराला, चहा यायच्या वेळी, माझा हात पर्समध्ये जायला लागला. मग दोनला. मग पाचला, निघायच्या आधी. रात्री जेवणं आवरली की एकदा आणि झोपताना एकदा, कारण भरलेले जीव तसेच ठेवून झोपायचं म्हणजे पुढचे वाया जाणार! नळाला पाणी आलं की बायका जशा धावतात तशी मी धावत होते. खेळ मला थांबवत नव्हता, पुढची वेळ देत होता. जुलैत फोनने दाखवलं की आठवड्याला ११ तास २० मिनिटं. दिवसाला दीड तासाच्या वर, आणि त्यातला अर्धा तरी बसच्या बाहेरचा. एकदा येताना मान वर केली तेव्हा बस फोंड्याच्या स्टँडवर शिरत होती. कंडक्टर म्हणाला, "फर्मागुडी केन्नाच गेली, बाय."

आता पैशांचं. खेळात रुपये दिसत नाहीत, सोन्याची नाणी दिसतात. चाली संपल्या आणि एखादा रंग राहिला की खेळ विचारतो, आणखी पाच चाली हव्यात का? ९०० नाणी. नाण्यांची सगळ्यात लहान थैली १००० ची, ८९ रुपयांना. शंभर नाणी हातात उरतात, ज्यांचं काहीच येत नाही, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढची थैली घ्यावीशी वाटते. मी एका दुपारी ऑफिसच्या कॅल्क्युलेटरवर मांडून बघितलं. पाच चालींचे ऐंशी रुपये, म्हणजे एका चालीला सोळा. लाल चौकोन एक घर डावीकडे सरकवायला सोळा रुपये! मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी दहा रुपयांवरून मिरचीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालते. त्याच पाच चालींत पुन्हा अडकलं तर पुढच्या पाचांना १९०० नाणी लागतात. हे रुपयांत लिहिलं असतं तर मी एकदाही दिले नसते, आणि म्हणूनच ते रुपयांत लिहिलेलं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? गल्ल्याचा. जिंकलेल्या प्रत्येक डावाची थोडी नाणी डुकराच्या आकाराच्या एका मातीच्या गल्ल्यात पडतात, खणखण आवाज होतो, डुकराचं पोट फुगत जातं. पूर्ण भरला की तो थरथरतो. फोडायला गेलं की विचारतो, १७९ रुपये. आपण घाम गाळून साठवलेलं आपल्यालाच विकत. आमच्या पतसंस्थेत कोणी असं केलं तर सभासद शटर खाली ओढतील. मी तो तीनदा फोडला. तिन्ही वेळा वाटलं की फायद्यात आहे, कारण तेवढीच नाणी थैलीने घेतली असती तर जास्त पडले असते.

हरण्याचीही एक तऱ्हा आहे. ऑगस्टमध्ये मी डायरीत खुणा केल्या. शंभर वेळा हरले, त्यात एकेचाळीस वेळा फक्त एक किंवा दोन तुकडे राहिले होते. हे मुद्दाम होतं का, मी सांगू शकत नाही. पण सपशेल हरले की मी फोन बंद करून खिडकीबाहेर बघायचे, आणि एका तुकड्याने हरले की पैसे द्यायचे, एवढं माझ्याच डायरीत स्पष्ट दिसतं. लहानपणी जत्रेत बाबा आम्हा भावंडांना दूर उभं करून गडगडो दाखवायचे. चित्रांच्या पटावर लोक पैसे लावायचे आणि फासे गडगडत यायचे. "बघायचं, लावायचं नाही," असं बाबा म्हणायचे. तिथे निदान फासे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडायचे. इथे वरून पुढचा रंग कुठला येणार हे तो देव जाणे आणि ती कंपनी.

आमचं ऑफिस मांडवीपासून जवळ. दुपारी डबा खाऊन आम्ही दोघी-तिघी काठावर जातो, समोर कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. त्यात जाऊन खेळायला आम्हा गोमंतकीयांना २०२० पासून मनाई आहे. एक दिवस तिथेच उभी राहून मी थैली विकत घेत होते. शेजारी उभी असलेली सहकारी म्हणाली, "तुला बोटीत सोडत नाहीत म्हणून बोट पर्समध्ये आणलीस." ती चेष्टेत म्हणाली, पण या खेळांच्या धंद्यात भरपूर पैसे ओतणाऱ्या गिऱ्हाइकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा, म्हणतात, आणि कॅसिनोवालेही तोच शब्द वापरतात. बहुतेक खेळाडू कधीच काही देत नाहीत, मूठभर देवमाशांवर सगळा संसार चालतो. मी देवमासा नाही. फार तर तारली. पण तारल्याही जाळ्यातच येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा नवरा म्हणाला, बरं झालं, तुझाही बंद होणार. नाही झाला. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांसाठी आहे. इथे पैसे फक्त जातात.

मुलाचं थोडक्यात सांगते, कारण चूक माझी होती. दर वेळी पिन टाकायचा कंटाळा म्हणून मी प्ले स्टोअरच्या खात्यात पाचशे रुपये भरून ठेवले होते. मे महिन्याच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी ४४९ चा एक पेटारा घेतला. "आई, त्यावर सत्तर टक्के सूट होती!" ओरडू तरी काय? मी त्याच रात्री स्टोअरमधून परताव्याची मागणी केली आणि पैसे परत आले. ही मागणी खरेदीपासून ४८ तासांच्या आत करायची, नंतर खेळ बनवणाऱ्यांच्या मागे लागावं लागतं. प्रत्येक खरेदीला ओळख पटवायची सेटिंगही तेव्हाच चालू केली. तिथे महिन्याचं बजेट ठरवायचीही सोय आहे, पण त्यावर विसंबू नका. ते मर्यादा आली की नुसतं सांगतं, अडवत नाही.

टीमबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे मी सगळ्यात जास्त रमले आणि तिथेच दुखावले. पन्नास जणांची टीम असते, एकमेकांना जीव द्यायचे, आठवड्याची स्पर्धा मिळून खेळायची. आमच्या टीमचं नाव 'बांगडा फ्राय'. सावंतवाडीपासून कारवारपर्यंतची माणसं होती, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. जीव मागताना लोक "जेवण जालें?" विचारायचे. रात्रपाळी करणारा एकजण पहाटे चारला सगळ्यांना जीव वाटून झोपायचा. एका बाईंनी मला खतखत्याला, म्हणजे आमच्या मिसळीच्या भाजीला, तिरफळं कधी घालायची ते तिथे सांगितलं. चारशे लेव्हलनंतर खेळाचा कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर मी या लोकांसाठी येत होते. आणि त्यांच्यासमोर आठवड्याच्या यादीत तळाला दिसू नये म्हणून मी ३९९ चा सीझन पास, म्हणजे पैसे भरून जादा भेटी मिळवायची सोय, दोनदा घेतला.

चवथीला आम्ही सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जातो. पाच दिवसांचा गणपती. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पन्नास माणसांची जेवणं, संध्याकाळी घुमटांवर आरत्या. तिथे रेंज नाही. नेटशिवाय डाव खेळता येतो, पण तो टीमच्या खात्यात जमा होत नाही. आणि खेळायला वेळ कोणाला होता? सहाव्या दिवशी फर्मागुडीला आले, फोन उघडला, तर तुम्हाला टीममधून काढण्यात आलं आहे. माझी ओळीने जिंकल्याची माळही तुटलेली. टीमच्या म्होरक्याला निरोप पाठवला. तो सज्जन माणूस, लगेच उत्तर आलं: "ताई, पाच दिवस शून्य असेल तर काढायचं असं आपलंच ठरलेलं. माझ्याकडेही गणपती होता. मी आरत्यांच्या मधे खेळलो."

मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याची जास्त लाज वाटली. त्याने परत यायला बोलावलं, मी गेले नाही.

तेव्हापासून सूचना सगळ्या बंद आहेत, जीव भरल्याचा निरोप येत नाही. खेळ काढून टाकलेला नाही, बसमध्ये खेळते. टीम नाही आणि घाई नाही, त्यामुळे तो पहिल्या दोन महिन्यांसारखा परत बरा वाटायला लागलाय. आठवड्याला तीन-साडेतीन तास होतात. फोनमध्ये जागा मात्र फार खातो. घेतला तेव्हा अडीचशे एमबी होता, आता एक जीबीच्या वर गेलाय, आणि बाणस्तारीच्या पुलापर्यंत फोन तव्यासारखा तापतो.

एकूण हिशेब: थैल्या सात, ६२३ रुपये. गल्ला तीनदा, ५३७. सीझन पास दोन, ७९८. बेरीज १९५८. चालवायला, दिसायला, ऐकायला पाच तारे देते. विकण्याच्या पद्धतीला एक. स्टोअर एकच आकडा मागतं म्हणून तीन दिलेत. ज्यांना मध्येच हातातलं सोडून उठता येतं त्यांनी खुशाल घ्यावा. लहान मुलांच्या फोनवर नको. आणि टीममध्ये जायचंच असेल तर चवथीला कोण काय करतो ते आधी विचारून घ्या.

सप्टेंबरपासून गल्ला भरून थरथरतोय. १७९ मागतो. थरथरू दे.