डोंगल की टेबलावरचा ॲम्प?

रामबागेतला भाचा अडलाय: नव्या 300 ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) हेडफोनला डोंगल (फोन आणि हेडफोन जोडणारी छोटी वायर) पुरेल की ॲम्प (हेडफोनचा आवाज वाढवणारं वेगळं यंत्र) घेऊ? मी दोन्ही आठवडाभर आलटूनपालटून लावले.

पैशांचं सरळ आहे. डोंगल हजाराच्या आसपास, माझा यूएसबीवाला ॲम्प नऊ हजारांचा, वर ॲडॉप्टर आणि टेबलावरची जागा.

खरा मुद्दा आवाजाचा. एवढ्या ओहमला व्होल्टेज जास्त लागतं. साधं डोंगल एक व्होल्टच्या आसपास देतं. आपल्या इंदूरच्याच उस्ताद अमीर खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. मुळात त्याची पातळीच कमी. डोंगलवर आवाज पूर्ण चढवूनही विलंबितातला तानपुरा दबलेलाच. ॲम्पचा नॉब अर्ध्याच्याही खाली होता, तरी खर्ज कसा भरून आला! मात्र 32 ओहमच्या इअरफोनवर मला दोघांत काडीचाही फरक कळला नाही.

डोंगलची वायर जॅकपाशी मुडपते, माझं एक तसंच गेलं. ॲम्प जागचा हलत नाही.

बाहेर फिरताना, इअरफोनवर ऐकणार असशील तर डोंगलच घे. रोज रात्री टेबलाशी बसून हाच हेडफोन लावणार असशील तर ॲम्प घे. सुरुवात मात्र लो गेनवर (ॲम्प आवाज कमी पटीनं वाढवतो त्या सेटिंगवर), नॉब शून्यावर ठेवून कर.